ओढ्यातला दगड उलटा करून बघा

पाणी तपासायला जातो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘लॅब कुठली?’ अहो लॅब नंतर, आधी पाण्यातला दगड तर उलटा करा!

चांगल्या वाहत्या पाण्यात दगडाखाली मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं चिकटलेली असतात, बहुतेकांना मागे तीन शेपट्या, आणि कॅडिसफ्लाय या दुसऱ्या किड्याच्या काही अळ्या तर वाळूचे कण चिकटवून स्वतःचं घर बांधतात, पोरं वेडी होतात ते बघून. सांडपाणी शिरलं की ही मंडळी आधी गायब. उरतात त्या लाल अळ्या, अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात. बाटलीतलं पाणी फक्त त्या वेळेचं सांगतं, रात्री कुणी टँकर रिकामा केला आणि सकाळपर्यंत वाहून गेला तर रिपोर्ट मस्त येईल, पण दगडाखालची वस्ती लगेच भरून येत नाही.

पाणी तपासायचं किटही वापरावं, फक्त पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दर वेळी एकाच टायमाला मोजायचा. पाण्यातलं शेवाळं उन्हात ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ओढून घेतं, म्हणून पहाटे आकडा सगळ्यात कमी. नदीत आंघोळ करण्याजोग्या पाण्याचा सरकारी निकष लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, आता दुपारी चारला मोजून ‘वा, ६ आला’ म्हणण्यात काय अर्थ? आणि बाटली पाण्याखालीच भरून तिथेच झाकण लावायचं, बुडबुडा राहिला की आकडा बोंबलला.

पुण्यात नदीसाठी काम करणाऱ्या जीवितनदी संस्थेचे लोक इतरांना नदीकिनारा दत्तक घ्यायला लावतात, मला ती आयडिया आवडते कारण तीच जागा परत परत बघितली जाते. सफाई मोहिमेचे फोटो भारी येतात हो, पण भुकूमकडून बावधन, पाषाण करत औंधला मुळेत जाणाऱ्या राम नदीसारख्या ठिकाणी वही जास्त कामाची. तारीख, वेळ, वास, फेस, आदल्या दिवशी पाऊस होता का, एवढंच लिहा. पुलाच्या वरच्या प्रवाहात कीटक आहेत आणि खालच्या प्रवाहात नाहीत म्हणजे मधे काहीतरी सोडलं जातंय. तक्रारीला मान्यताप्राप्त लॅबचाच रिपोर्ट लागेल, पण सॅम्पल नेमकं कुठून घ्यायचं ते वही सांगते.

हातमोजे घाला, एकटे जाऊ नका, आणि वर ढग दिसले तर त्या दिवशी राहू द्या, आंबील ओढ्याच्या पुराने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय केलं ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको.