आपली जमीन, खालच्यांचं छत

रोइंग मशीनवर, म्हणजे घरात बसून वल्हवण्याच्या व्यायामाच्या यंत्रावर, बसलेल्या माणसाचा आपल्या आवाजाबद्दलचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. कानाशी मशीनचा पंखा घोंघावत असतो, म्हणून तो पंख्यालाच भितो. दार लावतो, खिडकी ओढतो, पडदे सारतो. खालच्या मजल्यावरच्या माणसाला तो पंखा जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याला ऐकू येतो एक बसका ठोका. धप्. तीन सेकंद शांतता. पुन्हा धप्. वर कुणीतरी ओलं गाठोडं फरफटत नेतंय आणि थोड्या थोड्या वेळानं खाली टेकवतंय, असा.

या दोन आवाजांची जातच वेगळी. पंख्याचा आवाज हवेतून जातो आणि काँक्रीटचा स्लॅब त्याला बऱ्यापैकी अडवतो. ठोका हवेच्या वाटेनं जातच नाही. तो मशीनच्या पायांतून थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि स्लॅब ढोलकीच्या पुडीसारखा खालच्या खोलीत वाजतो. दारं-खिडक्या बंद करून या दुसऱ्या आवाजाचं काहीही बिघडत नाही. दारं लावावीत, पण ती शेजारच्या घरासाठी, खालच्यांसाठी नव्हे.

जमिनीवर बसून वल्हवण्याची कल्पना नवी नाही. इसवीसनपूर्व चौथ्या शतकात अथेन्सच्या खाब्रियास या सेनापतीनं नवख्या वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावर लाकडी चौकटींवर बसवून सराव दिल्याचं सांगतात. त्यांच्या खाली वाळू होती, हे त्यांचं भाग्य. वाळूला झोपमोड होत नाही.

धप् नेमकं येतं कुठून? वल्हं ओढताना ते सहसा येत नाही. ओढताना पंखा, पाणी किंवा चुंबक विरोध करतो, जोर चढत जातो आणि शरीर आपोआप आवरलं जातं. आवाज होतो परतीच्या वाटेवर. तिथे विरोध करणारं कुणी नसतं. सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस चाकं लावलेल्या बैठकीवर, गुळगुळीत रुळावरून पुढे घरंगळत येतो आणि त्याला थांबवणारे फक्त त्याचे स्वतःचे पाय असतात. नवखा माणूस ते विसरतो. बैठक पुढच्या अडणीवर आदळते, उचललेल्या टाचा पाय टेकवायच्या फळीवर आपटतात, कधी अख्खं मशीनच बोटभर पुढे सरकतं. हा सगळा थांबण्याचा धक्का पायांवाटे स्लॅबला मिळतो.

म्हणून परत सावकाश यायचं. मिनिटाला २० वल्ही धरली तर एका वल्ह्याला ३ सेकंद मिळतात. त्यातला १ सेकंद ओढायला आणि २ सेकंद परतायला द्यावेत. परतताना आधी हात सरळ होतात, मग कमरेतून धड पुढे झुकतं आणि साखळीला जोडलेली हातातली मूठ गुडघ्यांपलीकडे गेल्यावरच गुडघे वाकतात. हा क्रम मोडला की गुडघे मुठीच्या वाटेत येतात, मग मूठ त्यांच्यावरून उडवावी लागते आणि साखळी फटकन हलते. शेवटची वीतभर वाट तर अशी कापावी, की समोर बाळ झोपलंय. याचा फायदा फक्त खालच्यांना होतो असंही नाही. घाईनं परतणारा जिथे दम खायचा तिथेच दम घालवतो, आणि मग ओढताना त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही.

ही सवय लावण्याचा स्वस्त उपाय म्हणजे पायांचे पट्टे सोडून वल्हवणं. पट्टे घट्ट असले की माणूस पायांनी स्वतःला पुढे खेचतो आणि ती खेच जाऊन पुढच्या टोकाला आदळते. पट्टे सोडले की खेचायला काही उरतच नाही. शिवाय ओढीच्या शेवटी फार मागे झुकलं, तर पाय फळीवरून सुटून चूक तिथल्या तिथे कळते. आठवड्यातून दोनदा, १० मिनिटं, हलक्या जोरानं एवढं केलं तरी फरक कानाला जाणवतो.

इथे ताकदीबद्दलचा एक गैरसमजही काढून टाकावा. वल्ह्यांची संख्या म्हणजे मेहनत नव्हे. मिनिटाला १८ वल्ही मारूनही घाम काढता येतो, फक्त प्रत्येक वल्हं पायांनी दाबून मारावं लागतं. हवेच्या मशीनवर बाजूला १ ते १० आकड्यांचा लिव्हर असतो. तो १० वर नेला की व्यायाम जास्त, असं समजून लोक त्याला वरच ठेवतात. त्यानं पंखा परतीच्या वेळेत लवकर मंदावतो, पुढचं वल्हं चिखलातून काढल्यासारखं जड सुरू होतं आणि माणूस झटका देतो. ३ ते ५ पुरेत. पहाटे किंवा रात्री वल्हवायचं तर पंख्याच्या बाबतीत वेग उतरवणंच परवडतं, कारण पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज सुमारे १५ डेसिबलनं चढतो. ५०० मीटरला २ मिनिटं या गतीला सुमारे २०० वॅट लागतात आणि अडीच मिनिटं या गतीला सुमारे १०० वॅट. म्हणजे घड्याळात अर्धा मिनिट सोडलं की मेहनत निम्मी होते आणि घोंघावणंही बरंच खाली येतं. जोराच्या फेऱ्या दुपारी माराव्यात, जेव्हा बाहेरचा गोंगाट त्या झाकून टाकतो.

मशीन कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा. चुंबकाचं सगळ्यांत शांत, पाण्याचं सळसळतं पण कानाला गोड, हवेचं घोंघावतं. पिचकारीसारख्या दांड्यांचं लहान आणि बिनआवाजी असतं, मात्र दांड्या तापल्या की त्याचा जोर ओसरतो. ही सगळी वर्णनं हवेतल्या आवाजाची आहेत. परतीचा धक्का चारही मशीनांवर सारखाच देता येतो, म्हणून शांत मशीन घेऊनही खालून निरोप येतोच. आणि मग दोष मशीनला.

आता चटई. ती जाड असावी असं सगळे सांगतात, पण खरा मुद्दा ती वजनाखाली किती दबते हा आहे. मशीनचे ३० आणि माणसाचे ७५ धरले तर शंभरावर किलो चार लहान पायांवर उभे असतात. त्यातही पुढे आल्यावर वजन पुढच्या पायांकडे आणि मागे गेल्यावर मागच्यांकडे सरकतं. खालचा थर काही दबतच नसेल, तर तो जमिनीचाच भाग झाला. पार चिरडला गेला, तरी तेच. कोड्यासारखे एकमेकांत अडकणारे फोमचे तुकडे दुसऱ्या प्रकारातले. सुरुवातीला छान वाटतात, मग पायांखाली खळगे पडतात आणि त्या खळग्यांत फोम पुठ्ठ्याइतका कडक होऊन बसतो. योगासनांची चटई मशीन घसरू देत नाही, याहून जास्त काही करत नाही.

मधलं गणित असं. वजनाखाली थर १ मिलिमीटर दबला तर त्याचा स्वतःचा डोल सेकंदाला साधारण १६ वेळा होतो. ४ मिलिमीटर दबला तर ८ वेळा. या डोलाच्या सुमारे दीडपटीहून जलद असलेले हादरेच तो थर अडवतो, आणि डोलाच्या आसपासचे हादरे तर उलट वाढवतो. रबर हादऱ्याला जरा ताठ वागतं, म्हणून हे आकडे ढोबळ धरावेत. मथितार्थ एवढाच की टणक पातळ चटई बैठकीची खरखर आणि साखळीची किणकिण अडवते, पण धप् तिला जुमानत नाही. त्यासाठी खोल दबणारा थर हवा, आणि खोल दबणाऱ्या थरावर लांबलचक मशीन थेट ठेवलं तर ते होडीसारखं डुलायला लागतं. पाण्यात ते शोभतं.

यावर तोडगा म्हणजे मध्ये फळी. १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड ८ बाय ४ फुटांच्या शीटमध्ये मिळतो. तो उभा चिरला की ८ बाय २ फुटांच्या दोन पट्ट्या होतात, आणि पूर्ण लांबीचं मशीनही साधारण तेवढंच असतं. दोन्ही पट्ट्या एकावर एक चिकटवून ३६ मिलिमीटरची ताठ फळी करावी. स्क्रू मारलेच तर ते खालून बाहेर डोकावू देऊ नयेत. फळीखाली दाट रबराचे १० सेंटिमीटरचे चौकोन ठेवायचे: मशीनच्या पायांच्या बरोबर खाली दोन-दोन, आणि मध्ये झोळ पडू नये म्हणून एक जोडी. कुणी मशीनवर बसलं की चौकोन नजरेला कळेल इतके, म्हणजे जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढे दबले पाहिजेत. अजिबात दबले नाहीत तर चौकोन कमी किंवा लहान करावेत. फार दबले तर वाढवावेत. फळीवर पातळ रबरी चटई टाकली की मशीन घसरत नाही. जमिनीवर प्लास्टिकचं आवरण असेल तर रबर थेट त्यावर ठेवू नये, कायमचे पिवळट डाग पडतात.

एवढी मेहनत एका चुकीनं वाया जाते. फळीचं टोक भिंतीला टेकलं की धक्का रबराला वळसा घालून भिंतीत शिरतो. चारही बाजूंनी दोन बोटं मोकळी ठेवावीत. फळी जमिनीला स्क्रूनं आवळणं हा तर हादऱ्याला स्वतःच्या हातानं बांधून दिलेला पूल. जागा शक्यतो तुळईजवळ किंवा भक्कम भिंतीच्या कडेनं निवडावी. खोलीच्या मधोमध स्लॅब जास्त लवतो आणि जास्त वाजतो. खाली कुणाची झोपायची खोली आहे हे माहीत असेल, तर त्या खोलीच्या बरोबर डोक्यावर बसणं टाळावं.

मग चार पाय खरोखर टेकलेत का ते बघायचं. प्रत्येक पायाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहावी. एखाद्या पायाखालून ती सहज निघाली तर तो पाय अधांतरी आहे, आणि वजन पुढे-मागे गेलं की प्रत्येक फेरीत तो टक् करणार. पातळ रबराचा तुकडा सरकवला की हे दुखणं मिटतं. ज्यांना चटई बदलूनही फरक पडला नाही, त्यांच्यातल्या कित्येकांचा गुन्हेगार हा एक पाय असतो.

बारीकसारीक आवाज खोलीतल्या खोलीत राहतात, पण त्यांची यादी मोठी आहे. रुळावर धुळीचा काळा थर जमला की चाकं खडखडतात. तो रोज ओल्या फडक्यानं पुसावा, तेल मात्र लावू नये, तेलावर धूळ आणखी बसते. साखळी कोरडी पडली की किरकिरते. साधारण ५० तास वापर झाला की चमचाभर साधं यंत्राचं तेल कागदी रुमालावर घेऊन ती पुसून काढावी. ओढीच्या क्षणी कुईकुई आली तर पायांच्या फळीचे बोल्ट तपासावेत. मूठ हातातून सोडून देणं तर सक्त बंद. साखळी सपकन आत जाते आणि मूठ पंख्याच्या पिंजऱ्यावर आदळते. ती हातानं पुढे नेऊन अडकवायची.

व्यायाम संपल्यावरचा गोंधळ कुणी मोजत नाही. मशीन उभं करून चाकांवर फरशीच्या सांध्यांवरून ढकलत नेणं हे वल्हवण्यापेक्षा कर्कश असतं, आणि शेवटी ते कोपऱ्यात टेकवताना जो आवाज होतो तो अर्ध्या तासाच्या साऱ्या सावधपणावर पाणी फिरवतो. पहाटे वापरायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच आडवं मांडून ठेवावं. तसंच टीव्हीचं. पंख्यावर मात करायला तो वाढवला जातो आणि शेजाऱ्याला भिंतीतून ऐकू येतात ते टीव्हीचे संवाद. कानात हेडफोन घालावेत.

हे सगळं झालं की परीक्षा खालच्या घरात घ्यावी, त्यांच्या सोयीची वेळ विचारून. एकानं वर बसायचं, दुसऱ्यानं खाली जाऊन दिवाणावर पडायचं, पंखे आणि टीव्ही बंद. वरच्यानं ठरल्याप्रमाणे ५ मिनिटं मिनिटाला १८ वल्ह्यांच्या गतीनं, ५ मिनिटं २४ च्या आणि ५ मिनिटं ३० च्या गतीनं वल्हवायचं, आणि मधे एकदा मूठ अडकवून मशीन उभंही करायचं. खालच्यानं घड्याळ लावून फक्त वेळ लिहायची, कधी काय ऐकू आलं. तक्ता बहुधा असा निघतो: १८ ला काही नाही, २४ ला कान दिला तर, ३० ला स्पष्ट, आणि मशीन टेकवताना खालची सगळी मंडळी एकदम वर बघतात.