इंग्रजी चौथी म्हणजे आठवी!

आज दिवस गेला नाशकातल्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वह्या, चाळण्यात. हात धुळीने काळे, पण मजा आली.

आजोबांचा दाखला शोधणारे हटकून एकाच ठिकाणी अडकतात: 'आठवी'चं पान. ते सापडणारच नाही. तेव्हा मराठी चौथीनंतर हायस्कुलात 'इंग्रजी पहिली' लागायची, म्हणजे आजची पाचवी. आठवी ती इंग्रजी चौथी आणि सातवी इंग्रजी म्हणजे मॅट्रिक, अकरावी. दहावीला बोर्डाची परीक्षा आली ती १९७५ पासून.

दुसरं, रजिस्टर आडनावाने नसतं, दाखल तारखेच्या क्रमाने असतं. म्हणून आधी प्रवेशाचं साल पक्कं करा, मग जून-जुलैची पानं बघा. जन्मतारीख आकडी आणि अक्षरी दोन्ही ताडून पाहा, खाडाखोड बहुधा आकड्यात असते. जातीच्या दाखल्यासाठी नोंद ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची लागते, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीची. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, अंदाजाने वाचू नका.

आणि शाळा सरकारी होती की खासगी, हे आधी विचारा. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षण अनुदान देऊन खासगी संस्थांवर सोपवायला सांगितलं, म्हणून नाशकात संस्थांच्याच शाळा जास्त: मराठा विद्या प्रसारक १९१४ ची, गोखले एज्युकेशन १९१८ ची, भोसला मिलिटरी स्कूल १९३७ ची. संस्थेच्या शाळेचं नाव देणगीदारामुळे बदललेलं असू शकतं. रजिस्टर मात्र तेच, नव्या नावाच्या कपाटात.