भ गण आणि टेनिसनचे घोडे

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर सध्या पंधरा इंग्रजी कवितांचा मुक्काम आहे. लेक इयर इलेव्हनला, म्हणजे आपल्या हिशेबाने दहावीला. मे-जूनमध्ये तिची जीसीएसई, म्हणजे इथली बोर्डाची परीक्षा.

तिच्या मंडळाच्या इंग्रजी साहित्याच्या पेपरात या पंधरांपैकी एक कविता छापून येते. तिच्याशी तुलना करायला दुसरी आपण निवडायची, आणि तीही आठवणीतून, कारण पुस्तक जवळ नसतं. या प्रश्नाला 30 गुण. शिवाय कधीच न वाचलेल्या कवितेवर 24 गुण, आणि तिची तशाच दुसऱ्या अनोळखी कवितेशी तुलना केली की आणखी 8.

मी शाळेत रसग्रहण लिहायचे ते ठरलेल्या वाटेने. कवीचं नाव, मध्यवर्ती कल्पना, एक-दोन अलंकार आणि शेवटी ‘ही कविता मनाला भावते’. अलंकार ओळखून त्याचं लक्षण लिहिलं की काम झालं. लेकीचा पहिला निबंध तपासून आला, तेव्हा समासात शिक्षिकेने तीन ठिकाणी एकच प्रश्न लिहिला होता: मग काय? अनुप्रास तिने बरोबर ओळखला होता, रूपकही. पण त्यामुळे वाचणाऱ्याला काय होतं, कवीने तसं का केलं, यावर एक ओळ नव्हती. इथे नुसतं नाव सांगून भागत नाही. त्या 30 पैकी 12 गुण आपलं म्हणणं कवितेतल्या शब्दांच्या आधाराने मांडण्याला, 12 भाषा आणि रचना काय साधते ते सांगण्याला, आणि 6 संदर्भाला.

मला खरी मदत करता आली ती टेनिसनच्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये. 25 ऑक्टोबर 1854, क्रिमियन युद्ध, बालाक्लाव्हा. हुकुमाच्या घोटाळ्यात ब्रिटिश घोडदळ थेट रशियन तोफांवर चालून गेलं. टेनिसन तेव्हा राजकवी होता. वर्तमानपत्रात ती हकिकत वाचून त्याने कविता लिहिली आणि डिसेंबरात ती छापूनही आली.

लेकीच्या वहीत ‘डॅक्टिल’ हा त्या कवितेच्या लयीचा शब्द होता, व्याख्या पाठ होती, कानात मात्र काहीच नव्हतं. मी तिला ‘यमाताराजभानसलगा’ म्हणून दाखवलं. त्यातला भ गण म्हणजे भानस: गुरु, लघु, लघु. टेबलावर बोटांनी वाजवलं, धाड टप टप, धाड टप टप. आपण लघु-गुरु मोजतो, इंग्रजीत आघात मोजतात, हेही सांगितलं. पण चाल तीच. ती ओरडलीच, “घोडे!”

टापांचा आवाज तर वर्गातली सगळीच मुलं लिहिणार. म्हणून आम्ही तिथे थांबलो नाही. ही लय दम घेऊ देत नाही. हुकूम चुकलाय हे सैनिकांना कळतं, तरी ओळ त्यांना पुढेच ढकलते. विचाराला जागाच ठेवलेली नाही. मग तिने कडव्यांचे शेवट एकाखाली एक लिहून काढले. पहिली तीन कडवी सहाशेंवर संपतात, अगदी त्याच शब्दांत. चौथ्यात कवी त्या सहाशेंच्या आधी एक नकार ठेवतो: परतले, पण सहाशे नव्हे. मेलेल्यांचा आकडा कवितेत कुठेच नाही, फक्त ध्रुपद बदललंय. हे तिला स्वतःहून दिसलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

त्यानंतर मी तिचे तुटक ओळींचे फ्लॅशकार्ड बाजूला ठेवायला लावले. आपण अख्ख्या कविता चाल लावून म्हणायचो, ते पाठांतर मला आजही मोलाचं वाटतं. तुकडे पाठ केले असते, तर बदललेलं ध्रुपद हाती लागलं नसतं. आता ती शाळेच्या वाटेवर रोज एक कविता पूर्ण म्हणते.

परवा साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, तर आजी दिवा लावून मनाचे श्लोक म्हणत होती. लेक ऐकता ऐकता मांडीवर बोटं वाजवायला लागली. “लहान, मोठं, मोठं. चार वेळा. याला काय म्हणतात?”

“भुजंगप्रयात,” मी म्हटलं. “सापाची चाल.”

“पण मनाशी बोलायला सापाची चाल का घेतली असेल?”

मला हे शाळेत कुणी विचारलं नव्हतं. मी फोन तिच्या हातात दिला. “आजीला विचार.”