एक्स-रेत काही निघालं नाही

गुरुवार, रात्री

डॉक्टर म्हणाले, "हाड चांगलं आहे, काही नाही." मामांनी खुर्चीतून उठता उठता योगेश्वरी देवीच्या नावानं हात जोडले. बाहेर पडल्यावर लगेच आईला फोन, आईनं आबांना सांगितलं असणार. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाच पडला नाही. मला वाईट वाटलं. एक्स-रे चांगला निघाला याचं वाईट वाटलं, हे दुपारपासून मनात टोचतंय. घरात बोलून दाखवण्यासारखं नाही, खोलीवरही नाही, म्हणून लिहायला बसले.

पोलीस भरतीच्या तयारीत पळून पळून आलेलं दुखणं, तसं मोठं नाही. उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर चार बोटं सोडून सुरू होतं आणि पोटरीच्या निम्म्यापर्यंत चढतं. पळायला लागलं की दुखतं, अंग तापलं की दबतं, आणि पळून खाली बसलं की दात ठणकावा तसं ठणकत राहतं. सकाळी खोलीचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. दाबलं तर कळतं, नुसतं बघून काहीच कळत नाही. सूज नाही, लाली नाही, साधा ओरखडा नाही. आई मध्ये येऊन गेली तेव्हा तिनं चष्मा लावून माझे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले. "सुजलं न्हाई, तापलं न्हाई. मग दुखायलंय कुठं गं?" ती काही खोटं समजून विचारत नव्हती. पण मला बोट ठेवून दाखवता येईना, आणि तेवढ्यावरच डोळे भरून आले.

दिसणाऱ्या दुखण्याला ग्राउंडवर मान आहे. धारूरच्या पोरीचं अंगठ्याचं नख बुटात पुढं आदळून आदळून काळं पडलं, खाली रक्त साकळलं. सगळ्यांनी वाकून बघितलं. सरांनी स्वतः होऊन तिला सुट्टी दिली. ते नख आता गळेल, पुरतं नवं यायला वर्ष तरी जाईल, पण ती चार दिवसांत पळायला लागली. केजच्या पोरीच्या टाचेला फोड आला, तिच्याभोवती तर गर्दी. कुणी म्हणे फोड, कुणी म्हणे फोडू नको, कातडी तर अजिबात काढू नको. मला गेल्या उन्हाळ्यात गावाकडं बांधावरून पळताना टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. आजीनं सुईनं काढला आणि वर बिब्ब्याचा चटका दिला. बिब्ब्यानं कातडी भाजते, तो लावू नये, हे मला आज माहीत आहे. चटका काट्यापेक्षा जास्त दुखला. पण तेवढे दिवस घरात मला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही.

नडगीला असं काही मिळत नाही. सर वाईट नाहीत. त्यांच्यासमोर इतकी पोरं, प्रत्येकाचं काही ना काही. "शिन पेन सगळ्यांनाच असतं, पळ," एवढंच म्हणाले, आणि ते खोटंही नाही. आमच्यातल्या निम्म्या पोरी नडगी चोळतच झोपतात. भरतीची जाहिरात आली तशा सगळ्यांच्या फेऱ्या वाढल्या. पावसानं ग्राउंडची काळी माती अशी झाली की प्रत्येक पावलागणिक बुटाला चिखलाचा गोळा. मग सगळे डांबरी रस्त्यावर आलो, मुकुंदराजाच्या समाधीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर. उतारावर पाय नुसता दणकत जातो. 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत केलं तरच 20 पैकी 20. मैदानी चाचणीचे एकूण गुण 50, त्यातले हे 20. रस्ता मऊ आहे की टणक, हे त्या वेळी कोण बघतं?

आबांचा फोन येऊन गेला. पायाचं विचारलं. मग थोडं थांबून दुसरंही विचारलं. त्याचं आत्ता लिहीत नाही.

मला रेघ हवी होती. एक्स-रेच्या टेबलावर पाय ठेवून आडवी झाले, तिथल्या माणसानं "हलू नका" म्हटलं, तेव्हा मी मनात चक्क मागत होते की केसाएवढी रेघ निघू दे. हातपाय धड असलेली पोरगी हाड तडकावं म्हणून देवाला कशी मागते? मला माझीच भीती वाटली. पण ते मागणं खरं होतं. रेघ निघाली असती तर मला कुणाची परवानगी मागावी लागली नसती. सरांना फिल्म दाखवली असती. आईला बोट ठेवून दाखवलं असतं, हे बघ, इथं. आणि मग मी पडून राहिले असते. आळशी, भित्री, पैसे वाया घालवणारी असं काही न होता.

धावपटू अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, आमच्याच बीड जिल्ह्यातला. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 2022 मध्ये 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य, सोनं हुकलं ते 0.05 सेकंदानं. हे आकडे आमच्या खोलीत सगळ्यांना पाठ आहेत. तो 2025 च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर पडला. गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, टोकियोची जागतिक स्पर्धा गेली. आम्ही सगळ्या हळहळलो. मी त्याच्याशी बरोबरी करत नाही, तशी दुखापत तर वैऱ्यालाही होऊ नये. पण त्याच्या दुखण्याला नाव होतं. जिल्हा विचारत होता, आता कसं आहे. मला सकाळी चालताना बघून एका नव्या पोरीनं विचारलं, "ताई, तुम्ही सोडलं का?"

सोडलं का. बरं नाही वाटत का, असंही नाही.

खरं म्हणजे डॉक्टर "काही नाही" एवढंच बोलले नव्हते. मामांनी तेवढंच ऐकलं, आणि मीही तेवढंच धरून बसले. बाकीचं आत्ता एकेक आठवतंय. त्यांनी नडगीवरून अंगठा दाबत वरपर्यंत नेला, इथं दुखतं का, इथं, इथं. दुखणं वीतभर पसरलेलं आहे, हे चांगलं म्हणाले. एकाच जागी, एका बोटाखाली मावेल असं दुखायला लागलं, किंवा रात्री पडल्या जागी दुखून जाग आली, तर थांबायचं नाही, लगेच यायचं. बारीक तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसतच नाही कधी कधी, तेव्हा एमआरआय करावा लागतो. म्हणजे न दिसणारं दुखणं असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी मला एकदाही "नक्की दुखतं ना?" असं विचारलं नाही.

आणि हाडाचं सांगितलं, ते तर मला फार आवडलं. हाड जिवंत असतं. त्याच्यावर ताण पडला की ते आधी आपलाच जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथं नवा भरतं. काढायचं काम लवकर होतं, भरायचं सावकाश. त्या मधल्या दिवसांत हाड कच्चं असतं, आणि आपण नेमकं त्याच दिवसांत आणखी पळतो. भरायला वेळ दिला की तेच हाड आधीपेक्षा पक्कं होतं. म्हणजे माझ्या नडगीत आत्ता काम चालू आहे. ते मला किंवा आईला दिसत नाही, एवढंच.

मग त्यांनी मामांना बाहेर थांबायला सांगितलं आणि विचारलं, पाळी वेळेवर येते का. मी दचकलेच. नडगीचा आणि पाळीचा काय संबंध? मागची आलीच नव्हती, पळणाऱ्या पोरींचं असं होतं म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. ते म्हणाले, खर्च होतं त्याच्यापेक्षा पोटात कमी जातंय. शरीर मग आधी पाळी बंद करतं, आणि हाडालाही मिळत नाही. जेवण काय आहे विचारलं. मेसच्या दोन चपात्या आणि पातळ वरण, हे सांगताना मला लाज वाटली, का कुणास ठाऊक. अंडी, दूध, शेंगदाणे, उसळ, भाकरी पोटभर, असं त्यांनी लिहून दिलं. हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन डी तपासायला सांगितलं. ती चिठ्ठी माझ्या वहीत आहे. मामांनी विचारली नाही, मी दाखवली नाही.

पळणं बंद करू नको, निम्मं कर, असं शेवटी म्हणाले. डांबर नको, उतार नको, मातीवरच. दुखणं वाढायला लागलं की त्याच जागी थांब. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं. पायरीवर उभं राहून टाचा उचलायच्या, एकदा गुडघे सरळ ठेवून, एकदा वाकवून, पोटरीला बळ यायला. निम्मं कर, हे मला बंद करण्यापेक्षा अवघड वाटलं. बंद केलं तर माणूस घरी जातो. निम्मं करायचं म्हणजे रोज तिथंच जायचं, सगळ्या पुढून जात असताना आपली फेरी आपण होऊन थांबवायची, आणि विचारणारीला रोज नव्यानं सांगायचं.

पण रेघ निघाली असती तर कित्येक आठवडे पळणं बंद, आणि ही भरती हातातून गेली असती. पडून राहायला मिळालं असतं खरं, पण गावाकडच्या घरात, आबांच्या त्या दुसऱ्या प्रश्नासमोर. संध्याकाळी पायरीवर टाचा वर-खाली करताना हे डोक्यात आलं आणि जरा हलकं वाटलं. डॉक्टरांच्या तोंडून ऐकताना वाटायला हवं होतं ते तेव्हा वाटलं. उशिरा का होईना, वाटलं. दुखतंय अजून, आत्ता लिहितानाही. वीतभरच आहे, एका बोटाखाली नाही, दोनदा दाबून बघितलं.

आईचे गुडघेही बाहेरून काही दिसत नाहीत. सोयाबीन काढून आली की भिंतीला टेकून… असो.

सर सकाळी विचारतील, काय निघालं. काही निघालं नाही आणि तरी दुखतंय, दोन्ही एकाच वाक्यात सांगणार. मातीवर, कडेकडेनं पळेन म्हणणार. चिडले तर चिडले, चिठ्ठी दाखवायची पाळी आली तर तीही दाखवेन.

केजच्या पोरीला मघाशी हळूच विचारलं. तिचीही चुकलीय, आणि तिनंही कुणाला सांगितलेलं नाही. तिला म्हटलं, तू पण चल. या तपासण्यांना उपाशी राहावं लागत नाही म्हणालेत, म्हणजे ग्राउंड करून, आधी नीट खाऊन, मग दोघी जाऊ.