ऊसबिलाचे पैसे आणि नाकारलेला व्हिसा

कागल तालुक्यातले एक काका-काकू कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या व्हिसा सल्ल्याच्या ऑफिसात आले. खुर्चीत टेकायच्या आधीच काकांनी विचारलं, "मॅडम, आमचं पैसं चोरीचं हायत असं वाटलं काय त्यास्नी?"

लेक मँचेस्टरला, नातू झालेला, त्याला बघायला जायचं होतं. यूकेचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला होता. "साहेबाच्या मनावर असतंय, परत भरू," असं सांगून आधीच्या एजंटानं विषय मिटवला होता. नकाराचं पत्र त्यांना कुणी वाचूनच दाखवलं नव्हतं. या गोष्टीचा मला फार राग येतो, कारण सगळं त्या पत्रातच असतं.

मी ओळ न ओळ मराठीत सांगितली. अर्जाच्या तोंडावर खात्यात मोठी रक्कम रोखीनं भरली आहे, ती कुठून आली कळत नाही. उत्पन्नाचा पुरावा नाही. त्यामुळे भेट संपल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही.

पासबुक उघडलं. बारीकसारीक रकमा, आणि मधेच 'रोख जमा' म्हणून लाखांतली एकच नोंद.

"हे कुठनं आणलं, काका?"

"ऊसबिलाचं की! जिल्हा बँकेत जमा झालतं. एजंट म्हणाला, मोठ्या बँकेचं स्टेटमेंट बरं दिसतंय. म्हणून तितनं काढलं आन् हितं भरलं."

घामाचा पैसा, पण एका बँकेतून काढून दुसरीत भरताना त्याचा माग पुसला गेला होता. जिल्हा बँकेचं स्टेटमेंट अर्जाला जोडलेलंच नव्हतं.

व्हिजिटर व्हिसाच्या नकारावर सहसा अपील नसतं, फी परत मिळत नाही. पण नव्यानं अर्ज करायला ठरावीक मुदत थांबावं लागत नाही. आम्ही जिल्हा बँकेचं स्टेटमेंट काढलं, कारखान्याच्या बिलाच्या पावत्या लावल्या, दूध संस्थेची बिलं, जमिनीचे सातबारा आणि आठ-अ उतारे जोडले. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर केलं, त्यावर भाषांतरकाराची सही, तारीख आणि पत्ता. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून रिटर्न भरलेलं नाही आणि उसाचे पैसे महिन्याला न येता हंगामात एकरकमी येतात, हे नव्या अर्जासोबतच्या पत्रात सविस्तर लिहिलं. व्हिसाच्या साहेबाला हे आपोआप कसं कळणार?

अर्जात आधी कधी व्हिसा नाकारला होता का, हा प्रश्न असतो. 'नाही लिहा' असा सल्ला त्यांना कुणीतरी दिला होता. मी साफ नकार दिला. नकार लपवला तर तो फसवणूक धरला जाऊ शकतो आणि मग पुढची १० वर्षं दार बंद होतं.

काकू इतका वेळ गप्प होत्या. परत यायच्या कारणांचा विषय निघाला तशा म्हणाल्या, "म्हशी कोण बघणार? थोरल्याची पोरं माझ्याशिवाय जेवत न्हाईत." दुभती जनावरं, घरी असलेला मुलगा-सून-नातवंडं, दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी ऊसतोड, हे सगळं मी तसंच पत्रात मांडलं.

दोघांचाही व्हिसा आला. काकांनी फोनवर पहिलं विचारलं, "बाळाला आपला गूळ न्यायला चालतोय काय?" मी म्हटलं, इतक्या तान्ह्याला नको, लेकीला खुशाल न्या.