पावसात टिकणारा गुलाब

५ ऑगस्ट

झड काही थांबत नाही. अजिंक्यतारा ढगात गडप आहे, अंगणात पाय ठेवला की चपला चिखलात रुततात. मी मात्र या पावसाचीच वाट बघत होते. बियांपासून वाढवलेल्या माझ्या गुलाबांचा हा दुसरा पावसाळा, आणि माझ्या लेखी खरी परीक्षा हीच. हिवाळ्यात काय, कुठलाही गुलाब देखणा दिसतो.

जूनपासून या रांगेवर एकही फवारणी केलेली नाही. आज छत्री घेऊन एकेका झाडाची पानं वरखाली करून पाहिली. काळ्या ठिपक्यांचा रोग ओळखायला सोपा. पानाच्या वरच्या बाजूला काळा डाग येतो, त्याची कड गुळगुळीत नसते, विस्कटलेली असते. मग डागाभोवतीचं पान पिवळं पडतं आणि नुसतं बोट लागलं तरी गळतं. रोग खालून वर चढतो, कारण जमिनीवर पडलेल्या पानांतली बुरशी पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर वर येते. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की ती आत शिरते. कोरड्या मुलखात पान दुपारपर्यंत वाळून जातं, तिथे तिची डाळ शिजत नाही. आमच्याकडे श्रावणात पान दिवसचे दिवस ओलंच असतं.

नर्सरीत मिळणारे बहुतेक गुलाब युरोपात किंवा अमेरिकेत निवडलेले. तिथल्या हवेत ते उत्तीर्ण झाले, नावारूपाला आले आणि मग इथे आले. शिवाय ही बुरशी सगळीकडे एकच नाही, तिचे वेगवेगळे वंश आहेत. एका वंशाला दाद न देणारं झाड दुसऱ्यापुढे मान टाकतं. इथल्या पावसासाठीचा गुलाब इथल्याच पावसात निवडायला हवा, हे माझं म्हणणं म्हणूनच आहे. दर आठवड्याला औषधाचा पंप पाठीला लावून गुलाब जगवायचा, तर सामान्य माणूस गुलाब लावणंच सोडून देतो. आमच्या गल्लीतच किती घरांतून गुलाबाच्या कुंड्या गेल्या आणि त्यांत शोभेची पानं आली.

आज जी झाडं शेंड्यापर्यंत उघडी पडली होती, ती सगळी उपटली. त्यात जर्दाळू रंगाचं एक होतं. गेल्या हिवाळ्यात त्याचं फूल पाहायला शेजारपाजारचे आले होते. हे म्हणाले, ‘‘एवढं एक कुंडीत ठेव, मी मारीन औषध.’’ नाही म्हटलं. ते झाड डोळ्यांसमोर राहिलं तर डिसेंबरात मी त्याचा पराग घेणार, आणि त्याचं दुबळं पान पुढच्या पिढीत उतरणार. वाईट वाटलं. पण काढलं.

टे-९ क्रमांकाच्या माझ्या रोपावर खालपर्यंत पान आहे. तळाच्या दोन-तीन पानांवर ठिपका आहे, पुढे सरकलेला नाही.

२२ ऑगस्ट

थोडी उघडीप. वाचत बसले होते.

जर्दाळू झाड मनातून जात नाही, म्हणून त्याच्या रंगाचं मूळ शोधत मागे गेले. बागेतल्या, पुन्हापुन्हा फुलणाऱ्या गुलाबांत गडद झळझळीत पिवळा रंग पूर्वी नव्हताच. फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ पेर्ने-दुशे यांनी इराणकडून आलेल्या ‘पर्शियन यलो’शी संकर करत वर्षानुवर्षं घालवली आणि १९०० साली ‘सोलेई द’ऑर’ आणला. आजचे पिवळे, केशरी, जर्दाळू गुलाब बहुतांशी त्या वाटेने आलेले आहेत. रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांना बळी पडणारं पानही आलं. गुलाबात असंच असतं. हवी ती गोष्ट सुटी मिळत नाही, तिच्यासोबत जे येईल ते घ्यावं लागतं, आणि नको ते वेगळं करायला आणखी काही पिढ्या लागतात.

त्याच मुलखातला ‘पीस’. फ्रान्सिस मेयाँ यांनी १९३५ साली संकर केला, रोपाला नंबर होता ३-३५-४०. १९३९ मध्ये युद्ध तोंडावर असताना त्याच्या डोळ्यांच्या (कलमासाठीच्या अंकुरांच्या) काड्या देशाबाहेर रवाना झाल्या, एक पुडकं अमेरिकेला पोचलं, आणि २९ एप्रिल १९४५ ला तिथे त्याचं ‘पीस’ असं नामकरण झालं. एका बीचं झाड, आणि आज जगभर पसरलेली त्याची सगळी रोपं त्या एकाच झाडाच्या डोळ्यांपासूनची. हे मला अजूनही अद्भुत वाटतं. त्याचं पान जाड, तकतकीत. तरी आमच्या परसातलं ‘पीस’ श्रावण संपेपर्यंत पार खराटा झालेलं असतं.

आपल्याकडे या वाटेने गेलेली माणसं मला जास्त जवळची. डॉ. बी. पी. पाल गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेऱ्याला तोंड देणारे गहू त्यांनी तयार केले, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे ते पहिले महासंचालक, आणि गुलाब हा त्यांचा जिवाचा छंद. त्यांचा ‘रोझ शरबत’ १९६२ चा, ‘दिल्ली प्रिन्सेस’ १९६३ चा. रोगाला तोंड देणारं झाड निवडण्यात आयुष्य घातलेला माणूस गुलाबाकडे वळला, यात मला मोठा दिलासा आहे. कोडाईकनालला एम. एस. विराराघवन आणि गिरिजा विराराघवन यांनी तर मुळालाच हात घातला. उष्ण हवेतले गुलाब हवेत तर उष्ण हवेतल्या रानगुलाबांपासून सुरुवात करा, असं म्हणून त्यांनी ईशान्येकडचा ‘रोझा जायगँटिया’ आणि पाण्याच्या काठाने वाढणारा ‘रोझा क्लिनोफिला’ हे दोन भारतीय रानगुलाब संकरात आणले. पाण्यात पाय बुडवून जगणारा गुलाब! कोकणासाठी याहून योग्य पूर्वज कुठला असणार? मला कुणी त्याची काडी दिली तर मी कोडाईकनालपर्यंत एसटीने जाईन.

दसऱ्यानंतरचा आठवडा

छाटणी उरकली. वाळकी, आत वळलेली, पेन्सिलीहून बारीक फांदी काढली, बाहेरच्या अंगाला बघणाऱ्या डोळ्यावर तिरका काप दिला, कापांना पेस्ट लावली. शेणखत आणि निंबोळी पेंड घातली. आता दीड-पावणेदोन महिन्यांत फुलं.

फ्रिजमधल्या बिया बाहेर काढल्या. गेल्या हिवाळ्यातल्या संकरांची फळं एप्रिलमध्ये नारिंगी झाली तेव्हा उतरवली होती. फळ चिरलं की आत बियांभोवती बारीक केस असतात, हाताला खाज सुटते. बिया धुऊन, ओलसर कोकोपीटमध्ये घालून पिशव्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. गुलाबाच्या बीला थंडी भोगल्याशिवाय जाग येत नाही. सुनेने इतके महिने कोथिंबिरीशेजारी त्या पिशव्या सांभाळल्या, एकदाही कुरकुरली नाही. आज ट्रेमध्ये पेरल्या.

१८ नोव्हेंबर

उगवायला लागल्यात. आधी दोन गोलसर, गुळगुळीत दलं; मग पहिलं खरं पान, तीन पर्णिकांचं, कडेला बारीक दाते. तेवढ्यावरूनच ते गुलाब असल्याचं कळतं. उगवण कधीच शंभर टक्के नसते, निम्म्याहून पुष्कळ कमी असते, आणि उगवलेल्यांतलीही काही मर लागून कोलमडतात. पाणी ट्रेच्या खालून देते.

समोरच्या घरातला चौथीतला मुलगा रोज शाळेतून आला की ट्रे बघून जातो. त्याला निळा गुलाब हवाय. त्याला सांगितलं, की गोकर्णीच्या निळ्या फुलात जी रंगद्रव्याची जात आहे ती गुलाबाला बनवताच येत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने दुसऱ्या फुलाचं जनुक घालून केलेला गुलाब २००९ मध्ये विकायला आणला, तोही जांभळटच. तो विचारात पडला. मग म्हणाला, ‘‘आजी, मग तुम्ही वासाचाच करा.’’ बरोबर आहे त्याचं.

९ डिसेंबर

वर्षातले सगळ्यात आवडते दिवस. सकाळी गारवा, दुपारी ऊन, पाऊस नाही, आणि झाडं बहरात.

यंदाच्या संकरासाठी आई म्हणून सासूबाईंच्या वेळचा परसातला लाल घेतला. नाव कुणालाच ठाऊक नाही. फूल साधं, पण पान दणकट, आणि फळ हमखास धरतो. बाप ‘ग्रूस आन टेप्लिट्झ’. ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या रुडॉल्फ गेश्विंड नावाच्या वनाधिकाऱ्याचा हा गुलाब १८९७ चा, आणि भारताच्या उन्हाला तो असा मानवला की हार-माळांसाठी शेतात लावतात. पालांचा ‘रोझ शरबत’ही त्याच्याच पोटचा. मान नाजूक, फूल खाली झुकतं, पण वास असा की सकाळी दार उघडलं की कळतं. टे-९ सुद्धा याच जोडीचं.

कळी अशी निवडायची की पाकळ्या सैल व्हायला लागल्यात पण उमललेल्या नाहीत. उमलली की मधमाशी आपल्याआधी काम करून जाते. काल संध्याकाळी पाकळ्या एकेक करून ओढून काढल्या. आत पिवळ्या पुंकेसरांचं कडं, आणि मधोमध कुक्षींचा छोटा झुबका. चिमट्याने पुंकेसर सगळे काढायचे. एक जरी राहिला तरी ते झाड स्वतःच्याच परागाने फळ धरू शकतं आणि आपला सगळा हिशेब खोटा ठरतो. भिंग लावून पुन्हा पाहिलं. वर बटर पेपरची पिशवी, खाली दोरा.

बापाच्या कळ्यांतले पुंकेसर वाटीत पसरून रात्रभर कपाटावर ठेवले होते. आज सकाळी पाहिलं तर फुटलेले, वाटीच्या तळाला बारीक सोनेरी पूड. पिशवी काढली, कुक्षी आता चकाकत होत्या, बोट टेकवलं तर किंचित चिकट. ब्रशने पूड लावली, उद्या पुन्हा लावायची. चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग बापाचं, मग तारीख. दोन-तीन आठवड्यांनी देठाखालची गाठ हिरवी आणि टणक राहिली तर धरलं म्हणायचं; पिवळी पडली तर गेलं.

कधी कधी दोन चांगले गुलाब एकमेकांना धरतच नाहीत. बागेतल्या बहुतेक गुलाबांत २८ गुणसूत्रं, कित्येक रानगुलाबांत १४. दोघांच्या संकरातून २१ चं झाड निघालं की ते दिसायला ठणठणीत, पण पुढे बी धरायला अडून बसतं. शिवाय पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण अप्रभावी आहे. वर्षातून एकदाच फुलणारा रानगुलाब घेतला तर पहिल्या पिढीची सगळी पोरं एकदाच फुलणारी निघतात, तीही उशिरा. बारमाही फूल दुसऱ्या पिढीत शोधावं लागतं. विराराघवन यांच्यासारखी माणसं दशकं का घालवतात, हे इथे कळतं. माझं वय पाहता मी ती लांबची वाट धरली नाही. पण कुणा तरुणाने धरावी असं फार वाटतं, आणि माझ्या वह्या त्याला द्यायला मी तयार आहे.

२४ जानेवारी

नोव्हेंबरात उगवलेल्यांपैकी काही बोटभर रोपांवर कळ्या आल्यात. आज एक उमललं, फिकट गुलाबी, मोजक्या पाकळ्यांचं. पहिल्या फुलावर विश्वास ठेवायचा नसतो. झाड जोर धरतं तशा पाकळ्या वाढतात, वासही पुढे बदलतो. ही सगळी पुढचे दोन पावसाळे बघणार आहेत, तोवर कुणाचं काही ठरवायचं नाही.

टे-९ मात्र आता मी ठरवलंय. दुसरा बहर चालू आहे. लाल, फार मोठं नाही, मान बापापेक्षा बरी. प्रदर्शनात त्याला कुणी विचारणार नाही. पुण्याला एम्प्रेस गार्डनचं प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराचं पुष्पप्रदर्शन मी चुकवत नाही. तिथे उंच देठावरची, रेखीव कळीची फुलं मान ताठ ठेवून बसलेली असतात आणि मी ती डोळे भरून बघते. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधले डच गुलाबही देखणेच. पण तो गुलाब प्रवासात आणि फुलदाणीत टिकावा म्हणून निवडलेला, वासासाठी कुणी निवडला नाही, म्हणून वास गेला. देवाला वाहायचं, वेणीत माळायचं, गुलकंदाला घालायचं फूल बिनवासाचं असून कसं चालेल? टे-९ चा वास सकाळी लिंबाच्या सालीकडे झुकणारा, दुपारी उन्हात गोड. त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद उन्हात ठेवलाय.

भाचा म्हणतो, वाणाची नोंदणी कर, वाण आणि शेतकरी हक्क संरक्षणाचा २००१ चा कायदा आहे. आहे खरा. वाण वेगळा हवा, एकसारखा हवा, पिढीमागून पिढी तसाच राहायला हवा. त्या आधी मला जे पाहायचंय ते साताऱ्यात दिसणार नाही.

वन्सं चिपळूणला असतात. रात्री फोनवर म्हणाल्या, ‘‘अगं, आमच्या पावसात गुलाब जगतो कुठे? आम्ही आपली जास्वंद लावतो.’’ म्हटलं, ‘‘वन्सं, म्हणूनच तुम्हाला टे-९ चं कलम देतेय. औषध मारायचं नाही, लाड करायचे नाहीत, फक्त पागोळ्यांखाली ठेवू नका.’’ कबूल झाल्या. दुसरं कलम महाबळेश्वरला, ओळखीच्या एका स्ट्रॉबेरीवाल्यांच्या बांधावर जाईल. दोन्हीकडचा पाऊस आमच्याहून कितीतरी पट. तिथे ऑगस्टअखेर पान राहिलं तरच नावाचा विचार.

कलमं बांधायचे खुंट तयार आहेत. उद्या त्यांना भरपूर पाणी द्यायचं, म्हणजे साल सहज सुटते, आणि परवा सकाळी त्यांत टे-९ चे डोळे भरायचे. चाकूला धार लावून घ्यायला हवी, प्लास्टिकची पट्टीही संपत आलीय.