सम्दं चालस

खान्देशातल्या बऱ्याच घरांत लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात एक पिशवी असते. साडीच्या दुकानातून आलेली, एक बंद तुटलेली. तिच्यात थोरलीच्या लग्नाची डीव्हीडी, वर नवरा-नवरीच्या फोटोचा गोल कागद चिकटवलेला. कानबाई देवीच्या गाण्यांची एमपी३ सीडी. अहिराणी विनोदी नाटुकल्यांच्या व्हीसीडी, दोनच्या जोडीतली एक हरवलेली. २००७च्या सुमाराला मोझर बेअर या तबकड्यांच्या कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांवर आणल्या, तेव्हा भाजीबरोबर घरी आलेले हिंदी पिक्चर. आणि तळाशी भाच्याने भरून दिलेला पेनड्राइव्ह. घरात मोठा टीव्ही आला, हातोहाती फोन आले, पण ही पिशवी टाकायची हिंमत कुणाची होत नाही. आणि एके दिवशी जुना प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणून हात वर करतो.

मग नवा, किंवा नव्यासारखा, प्लेअर शोधणं आलं. जळगावच्या गोलाणी मार्केटात जा, नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर. मागणी सगळ्यांची एकच, दीड-दोन हजारांत बसावा आणि सगळं चालावं. “पेनड्राइव्ह चालस का?” असं विचारलं की काउंटरमागून मान वर न करता उत्तर येतं, “सम्दं चालस भाऊ!”

दुकानदार खोटं बोलत नाही. त्याचं ‘सम्दं’ खोक्यावर छापलेलं असतं, आपलं पिशवीत असतं. या दोघांची गाठ घालून द्यायची तर पिशवी दुकानात न्यावी लागते, आणि नेमकं तेवढंच कुणी करत नाही.

पिशवीतल्या तबकड्या दिसायला सारख्या, १२ सेंटिमीटरच्या; आतला माल वेगळा. व्हीसीडी १९९३ची. तिच्यातलं चित्र एमपेग-१ या साठवणीच्या पद्धतीचं, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. एका तबकडीत साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणून अडीच तासांच्या पिक्चरला दोन तबकड्या आणि मध्यंतराला उठणं. डीव्हीडी नोव्हेंबर १९९६मध्ये जपानात विकायला आली. तिच्यात एमपेग-२, ७२० बाय ५७६ ठिपके, एका थरात ४.७ जीबी. या दोन्ही कोणताही प्लेअर वाजवतो. त्यासाठी सल्ल्याची गरज नाही.

गोम पेनड्राइव्हमधल्या एव्हीआय फाइलपासून सुरू होते. एव्हीआय हा नुसता डबा आहे. फळीवरच्या डब्यावर ‘शेव’ लिहिलंय म्हणून आत शेवच असेल असं नाही, हे घरातल्या बाईला माहीत असतं. खोक्यावर ‘एव्हीआय’ वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला नसतं. जुन्या एव्हीआयमध्ये बहुधा डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड पद्धतीचं चित्र असतं. दुसरं नाव म्हणजे पहिलंच उलटं लिहिलेलं, इंग्रजीत लिहून पाहा. दोन्ही एमपेग-४च्या दुसऱ्या भागातली. स्वस्त प्लेअरांत वर्षानुवर्षं बसत आलेली मीडियाटेकची एमटी१३८९ चिप हा माल चांगला ओळखते. प्लेअरच्या तोंडावर डिव्हएक्सचा शिक्का असेल तर भाच्याच्या पेनड्राइव्हमधले जुने पिक्चर चालतील, असं धरायला हरकत नाही.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला साखरपुड्याचा व्हिडिओ चालणार नाही. तो एच.२६४, म्हणजे एमपेग-४चाच, पण दहावा भाग. आडनाव एक, भाऊबंदकी वेगळी. खोक्यावर ‘एमपेग-४’ वाचून लोक मोबाइलचा व्हिडिओ घेऊन येतात, पडद्यावर ‘नॉट सपोर्टेड’ येतं, आणि शिव्या दुकानदाराला बसतात. एच.२६४ हवं असेल तर खोक्यावर तेच नाव, नाहीतर ‘एमकेव्ही’ (हा एव्हीआयसारखाच दुसरा डबा) शोधावं. तेही दिसलं तरी दुकानात लावून बघावं.

फाइल चालत नाही म्हणजे नक्की काय होतं, हे नीट पाहिलं की रोग कळतो. चित्र दिसतं पण आवाज नाही: आवाज डीटीएस किंवा एएसी पद्धतीचा आहे, चिपला कळतो तो एमपी३ आणि एसी३. आवाज येतो, चित्र काळं: चित्राची पद्धतच चिपला अनोळखी. चित्र चालतं पण माणसं सरकताना फाटतात, तुकडे मागे राहतात: फाइल बनवताना क्यूपेल किंवा जीएमसी नावाच्या करामती चालू ठेवल्यात, त्या स्वस्त चिपला झेपत नाहीत. आणि सगळ्यात गमतीचा रोग हा की आतला माल बरोबर, पण डब्यावरची चिठ्ठी चुकीची. प्रत्येक एव्हीआयमध्ये चार अक्षरांचं एक नाव असतं. काही सॉफ्टवेअर तिथे ‘एफएमपी४’ लिहून मोकळी होतात. प्लेअर ‘एक्सव्हीआयडी’ किंवा ‘डीएक्स५०’ शोधत असतो. ती चार अक्षरं बदलली की तीच फाइल निमूट चालते, बाकी एका बिटाला हात न लावता.

घरात संगणक असेल तर नवा व्हिडिओ जुन्या प्लेअरला खाऊ घालता येतो. अ‍ॅव्हिडेमक्स किंवा एफएफएमपेग ही व्हिडिओ बदलायची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. चित्र एक्सव्हिड, रुंदी ७२०च्या आत, सेकंदाला २५ चित्रं, बिटरेट सेकंदाला १५०० किलोबिटच्या आसपास, आवाज एमपी३, १२८ किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ, डबा एव्हीआय, क्यूपेल आणि जीएमसी बंद. तासाच्या व्हिडिओला साधारण ७३० एमबी लागतात. फाइलचं नाव इंग्रजीत आणि आखूड ठेवावं. ‘कानबाई रात्र’ असं देवनागरीत दिलं तर पडद्यावर नुसते चौकोन उमटतात, आणि त्या चौकोनांतून कानबाई कुठली नि बारसं कुठलं, हे सांगायला पुन्हा भाचाच लागतो.

पेनड्राइव्हचा घोळ वेगळा. स्वस्त प्लेअरला फाइली ठेवायची एफएटी३२ मांडणी समजते. हल्लीचे ६४ जीबीचे पेनड्राइव्ह बहुतेक एक्सएफएटी मांडणीचे येतात, ते प्लेअरच्या लेखी कोरेच. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर एफएटी३२चा पर्याय देत नाही. तेव्हा ८ किंवा १६ जीबीचा जुना पेनड्राइव्ह या कामाला सोन्यासारखा. एफएटी३२मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहत नाही, हेही ध्यानात असावं. हार्ड डिस्क पुढच्या पोर्टात लावू नये. तिला फिरायला जो करंट लागतो तो त्या पोर्टातून निघत नाही. ती टिक-टिक करत राहते, आणि तसं चालू-बंद होणं तिला बरं नाही. काही जुन्या प्लेअरांचं यूएसबी पहिल्या पिढीचं, सेकंदाला कागदावर १२ मेगाबिटचं. त्याच्यावर एव्हीआय पळते, पण डीव्हीडीतून उतरवलेली व्हीओबी फाइल अडखळते.

आता लग्नाची डीव्हीडी. परीक्षेला हिच्यासारखी तबकडी नाही. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, भोकाजवळ सुरुवात आणि काठाशी शेवट. म्हणजे हळद आतल्या बाजूला आणि पाठवणी काठावर. तबकडी थोडी वाकलेली असेल तर तो बाक काठाला सगळ्यात जास्त. बोटं लागतात ती काठाला. घाईत १६ एक्सच्या, म्हणजे सोळापट वेगाने भरलेल्या हलक्या तबकडीवरचं लिखाण बिघडतं तेही काठाकडे. वरून तो फोटोचा गोल कागद. तो जरा तिरका चिकटलेला असला की तबकडी फिरताना डुगडुगते, आणि डुगडुगणं काठाला जास्त जाणवतं. म्हणून हळद झकास दिसते, वरात नाचून जाते, सप्तपदी निभावते, आणि पाठवणीला, जिथे सगळ्या घराला रडायचं असतं, चित्राचे चौकोन पडून आई हुंदक्यातच गोठते. याला कधी कधी प्लेअरचा दोष नसतो. पण एकाच तबकडीच्या काठावर एक प्लेअर अडतो आणि दुसरा सावरून घेतो, हा फरक खरा असतो, आणि तो खोक्यावर कुठेही छापलेला नसतो.

तेव्हा दुकानात गेल्यावर दुकानदाराची चकचकीत तबकडी राहू द्या. ती कशातही चालते. आपली लग्नाची तबकडी घाला आणि थेट शेवटच्या दहा मिनिटांवर जा. मग जिच्यावर जास्तीत जास्त ओरखडे आहेत ती व्हीसीडी. मग कानबाईची एमपी३ सीडी. ही परीक्षा वेगळी आहे, कारण प्लेअरच्या डोक्यात दोन लेझर असतात. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा तांबडा आणि सीडीला ७८०चा, डोळ्याला न दिसणारा. घरी भरलेल्या सीडीचा रंगीत थर तांबड्या उजेडाला नीट परत पाठवत नाही, तिला ७८०चाच लागतो. एक लेझर थकला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो. ‘व्हीसीडी चालतात, डीव्हीडी नाही’ किंवा याच्या उलट तक्रार असली की दुरुस्तीवाला प्लेअर न उघडताच मान हलवतो, ती यामुळे. जुन्या बाजारातला प्लेअर घेताना तर दोन्ही लावल्याशिवाय पैसे काढू नयेत.

ट्रे पाच-सहा वेळा उघडून-मिटवून बघावा. त्याला आत एक बोटाएवढा रबरी पट्टा फिरवतो. पडून राहिलेल्या मालात तो सैल होतो. ट्रे अर्धा येऊन थांबतो किंवा मिटताना पुन्हा उघडतो. दुरुस्ती किरकोळ, पण भाव पाडायला चांगली. वजनावर मात्र जाऊ नये. बामणोदचं भरताचं वांगं हाताला हलकं लागलं की बिया कमी, हे खरं. प्लेअरला ना हा नियम लागू, ना याच्या उलटा. जड प्लेअरात बहुधा जुन्या धर्तीचा ट्रान्सफॉर्मर असतो, हलक्यात एसएमपीएस, म्हणजे नव्या धर्तीचा स्विचिंग वीजपुरवठा. आपल्याकडे हलकाच बरा. मागच्या चिठ्ठीवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेलं बघून घ्यावं. शेतातल्या मोटरी सुरू झाल्या की गावातला दिवा पिवळा पडतो, तेव्हाही असा प्लेअर चालत राहतो. त्याला मारते ती गेलेली लाइट परत येतानाची उसळी. लाइट गेली की प्लग काढून ठेवणं हा स्टॅबिलायझरपेक्षा स्वस्त उपाय. उसळीने गेलेल्या प्लेअरचा दिवा नुसता मिचमिचतो, ट्रे हलत नाही. उघडलं तर ५ व्होल्टच्या बाजूचा कपॅसिटर डोकं फुगवून बसलेला दिसतो. पाच-दहा रुपयांचा जिन्नस. पण तो घरी बदलायला जाऊ नये, शेजारच्या मोठ्या कपॅसिटरात प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दबा धरून असतात.

लेन्स बदलायची वेळ आली तर दुरुस्तीवाल्याला एक आठवण द्यावी, राग आला तरी चालेल. नवा पिकअप, म्हणजे लेन्स-लेझरचा जोड, येतो तेव्हा त्याच्यावर मुद्दाम सोल्डरचा एक ठिपका दिलेला असतो, हाताच्या स्थिर विजेने लेझर जळू नये म्हणून. वायरची पट्टी जोडल्यावर तो ठिपका काढायचा असतो. तो राहिला की नवीकोरी लेन्सही आंधळी, आणि मग ‘बोर्ड गेला’ असं निदान होतं. मात्र आधी नुसती पुसून बघावी. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४५च्या पुढे जातो आणि धूळ कपाटातही शिरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेला कापसाचा बोळा अलगद फिरवला की निम्मे प्लेअर पुन्हा बोलू लागतात. कापसाला जळगावात तोटा नाही. तबकडी पुसायची ती भोकाकडून काठाकडे, सरळ. गोल पुसली की ओरखडा वाटेच्या दिशेनेच पडतो आणि प्लेअरला तो ओलांडता येत नाही.

मागची भोकं घरी जाऊन टीव्हीशी ताडून यावीत. पिवळं, तांबडं, पांढरं असलंच पाहिजे, कारण आज ना उद्या हा प्लेअर शेतातल्या घरातल्या जुन्या डब्बा टीव्हीला जाणार आहे. एचडीएमआय असेल तर वायर एकच लागते. त्याने व्हीसीडीचे ३५२ ठिपके वाढत नाहीत, फक्त मोठ्या पडद्यावर पसरतात. सहा स्पीकरांसाठीची ५.१ची सहा भोकं बघून भाव वाढवून देऊ नये, घरात स्पीकर दोनच असतात. चित्र काळं-पांढरं आलं तर प्लेअर परत नेण्याआधी रिमोटवरचं ‘पी/एन’ दाबून पाल करावं. चित्र एकदम गायब झालं तर पोराने ‘पी-स्कॅन’ दाबलेलं असतं, तबकडी काढून तेच बटण पुन्हा दाबावं. ही दोन्ही बटणं प्लेअरच्या तोंडावर नसतात, यूएसबीचंही बहुधा नसतं. रिमोट हरवला की दोन हजारांचा प्लेअर पाचशेचा होतो. रिमोट मेलाय की जिवंत, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की कळतं. पुढचा दिवा कॅमेऱ्यात जांभळट चमकतो.

आणि एक काम नवा प्लेअर घरी आल्यावर लगेच करायचं, पेढे वाटायच्या आधी. लग्नाची तबकडी संगणकात घालून तिच्यातला ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर अख्खा उतरवून घ्यायचा. गावच्या शूटिंगवाल्याने भरलेल्या तबकडीला कुलूप नसतं. फोल्डरात जास्तीत जास्त एकेक जीबीचे व्हीओबीचे तुकडे दिसतील, शेवटच्या तुकड्यात पाठवणी. तिथे संगणक अडला तर घाई करू नये. तबकडी पुसून पुन्हा लावावी, नाहीतर शेजाऱ्याच्या संगणकात घालून बघावी. एका ड्राइव्हला न दिसलेला काठ दुसऱ्याला दिसतो.